पखवाजाचे गहू

आमच्या घराच्या उतरंडीत तळाची मोठी गाडगी ज्वारीची असत, त्यावर तुरीची आणि हरभऱ्याची, आणि सगळ्यांत वर, आम्हा पोरांचा हात पोहोचू नये अशा उंचीवर, वनस्पती तुपाचा एक रिकामा पत्र्याचा डबा असे. त्या डब्यात दोन-तीन शेर गहू असत. ते गहू आमच्यापैकी कुणाचेच नव्हते. माय त्यांना ‘पखवाजाचे गहू’ म्हणायची. पाडव्याला किंवा पोळ्याला पुरणपोळी करताना गहू कमी पडले तर ती शेजारून वाटीभर उसने आणायची, पण त्या डब्याला हात लावायची नाही.

मी पखवाज वाजवतो. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, तेही पखवाज वाजवत, आणि बालाघाटच्या डोंगररांगेच्या अंगाखांद्यावरच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह असला की त्यांना निरोप यायचा. गेली काही वर्षे मी लातूरला मुलांना शिकवतो. दादांविषयी मी आजवर पुष्कळ बोललो आहे आणि थोडे लिहिलेही आहे. मायविषयी मात्र काहीच लिहिले नाही, आणि ते लिहिल्यावाचून आता मला राहवत नाही.

ज्यांनी पखवाज जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे की या वाद्याची दोन तोंडे एकाच स्वभावाची नसतात. उजव्या पुडीवर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या चामड्यावर, शाई असते; लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थर घोटून ती बसवलेली असते आणि एकदा नीट बसली की वर्षानुवर्षे टिकते. डाव्या तोंडाला आम्ही धुमा म्हणतो. तिथे कायमचे असे काही नसते. वाजवायला बसण्याआधी दर वेळी त्यावर ओल्या कणकेचा उंडा थापावा लागतो आणि वाजवून झाले की तो खरवडून काढावा लागतो. कणकेच्या भाराने चामड्याचे कंपन मंदावते, स्वर खाली उतरतो आणि पखवाजाला तो खोल, छातीत उमटणारा खर्ज मिळतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर धुमा पोकळ बोलतो. उजवे तोंड वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून आणि गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर, हातोडी मारून कीर्तनकाराच्या पट्टीत आणता येते, पण धुम्याचा स्वर कणकेवर अवलंबून असतो, आणि आमच्या घरी ती कणीक माय मळायची.

ती कणीक पोळीच्या कणकेसारखी मळून चालत नाही. तिच्यात मीठ नको, कारण मिठाने चामडे खराब होते. तेल नको, कारण तेलाचा हात लागला तर उंडा धरत नाही. पोळीच्या कणकेपेक्षा ती बरीच सैल हवी, पण सैल असूनही चिवट हवी, आणि हा चिवटपणा नुसत्या पाण्याने येत नाही, तळव्याच्या टाचेने ती पुन्हा पुन्हा रगडावी लागते. माय काठवटीत ती मळायची आणि ओल्या फडक्याखाली घटकाभर झाकून ठेवायची. मग एक बारीक गोळी तोडून अंगठा आणि तर्जनीत ताणून बघायची. गोळी तुटली तर पुन्हा मळायची, ताणून दोऱ्यासारखी झाली तर “न्या” एवढेच म्हणायची. दादा ती न्यायचे, धुम्याच्या मध्यावर पाण्याचे बोट फिरवायचे, उंडा ठेवायचे आणि मधून कडेकडे अंगठ्याने दाबत जायचे, म्हणजे कडा पातळ होऊन चामड्यात मिसळून जात. आत चुलीपाशी बसलेल्या मायला पहिली थाप ऐकूनच कळत असे. “आज पाणी जास्त झालं बगा,” असे ती आतून म्हणायची आणि दादा काही न बोलता बोटाने थोडी कणीक काढून टाकायचे. पुढची थाप बरोबर पडायची. लहानपणी मला हे सगळे नेहमीचेच वाटायचे. संगीताची बाराखडीही न शिकलेली एक बाई भिंतीपलीकडून खर्ज जुळवून देते आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आले नाही.

आमच्याकडे रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीचे. गहू सणाचा, पाहुण्यांचा आणि आजाऱ्याचा. मग पखवाजाचे गहू कुठून येत, तर सप्ताहातून. सात दिवस वाजवून काल्याचे कीर्तन झाले की दादांना नारळ, उपरणे आणि शिधा मिळे, आणि त्या शिध्यातला गहू माय वेगळा काढून त्या डब्यात भरून ठेवायची. वाजवून आणलेला गहू वाजवण्यालाच लागायचा. हा हिशोब तिने कधी बोलून दाखवला नाही, पण तो तिने इतक्या काटेकोरपणे सांभाळला की माझ्या आठवणीत तो एकदाच मोडला.

1972 साली पाऊस गेला. आदल्या वर्षीही तो बेताचाच झाला होता. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, माझा भाऊ सहा वर्षांचा आणि धाकटी बहीण चार वर्षांची. त्या दुष्काळाबद्दल मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि कामावर खायला मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा तयार खाऊ, यांच्यापासूनच तो सांगायला सुरुवात करील. आमच्या घरातले दोघेही दुष्काळी कामावर जात. काम रस्त्याचे होते, खडी फोडायची, आणि मोजणी ब्रासवर, म्हणजे खडीच्या घनफळावर, होई. पहिल्या दिवशी दादांनी हातोडा उचलला, आणि दुपारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे सुजून आली. दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी पोचल्यावर मायने त्यांच्या हातातून हातोडा घेतला. “तुमी पाट्या वाहा. ह्ये माझ्याकडं द्या.” मी तिथे होतो, घरी सांभाळायला कुणी नसल्याने आम्हा तिघांनाही ती सोबत नेत असे. दादा काही तरी बोलले, ते मला आठवत नाही. मायने पदर खोचला आणि ती खडीच्या ढिगापाशी बसली. बायका पाट्या वाहत होत्या आणि पुरुष दगड फोडत होते, त्या सगळ्या रांगेत आमचेच जोडपे उलटे होते. लोक बोलले असतील. ती बोलणी तिने घरी आणली नाहीत.

एका सकाळी हातोडा दगडावरून सटकून तिच्या डाव्या अंगठ्यावर बसला. चिंधी बांधून तिने काम चालू ठेवले. ते हाड नीट सांधले नाही, आणि पुढे आयुष्यभर तिचा तो अंगठा पेरापासून बाहेर वळलेला राहिला. ती कणीक मळायची तेव्हा तो अंगठा काठवटीच्या कडेला टेकलेला असायचा, कारण त्याला जोर लावता येत नव्हता.

दुष्काळ पडला म्हणून सप्ताह कुणी मोडत नाही, पण सप्ताह लहान होतो. त्या वर्षी पंगती बंद झाल्या, शिधा बंद झाला, आणि म्हणून डब्यात नवा गहू पडणेही बंद झाले. पौषापर्यंत डबा जवळजवळ रिकामा झाला होता. पुढच्या चैत्रात, म्हणजे 1973 साली, शेजारच्या गावचा सप्ताह ठरला आणि दादांना बोलावणे आले, तेव्हा तळाला दोन मुठी गहू उरले होते. मायने ते जात्यावर दळले, मळले आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. आम्ही कामावरून आल्यावर सगळे दमून बसलो होतो. दादा पखवाजाची वादी ओढत होते. मी आत गेलो तेव्हा बहीण काठवटीपाशी उकिडवी बसलेली होती, फडके बाजूला पडले होते, आणि तिच्या दोन्ही गालांना कणीक लागलेली होती. ती कच्ची कणीक खात होती. मला पाहून तिने तोंड मिटले आणि घास तसाच गालात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या मागे दादा येऊन उभे होते. त्यांना राग येईल असे वाटून मी बाजूला सरकलो. ते खाली वाकले, उरलेला उंडा त्यांनी उचलला, त्यावर तिच्या चार बोटांचे खड्डे होते, आणि तो मायच्या हातात देऊन म्हणाले, “हिची पोळी कर.” माय म्हणाली, “आन् धुमा?” दादांनी उत्तर दिले नाही. तिने एक पोळी लाटली, भाजली, तिचे तीन तुकडे केले. त्या तुकड्याची चव मला आठवते असे मी म्हणणार नाही; मला आठवतो तो आमच्या तोंडांकडे न बघण्याचा दोघांचा प्रयत्न.

त्यानंतर मायने जे केले ते आज मला फार मोठे वाटते. गव्हाच्या पिठात चीक असतो, ज्वारीच्या पिठात तो नसतो. म्हणूनच भाकरी हातावर थापावी लागते आणि पीठ जुने असेल तर ते उकळत्या पाण्यात भिजवल्याशिवाय भाकरीला चिरा जातात. हे तिला ठाऊक होते. तिने मिलोच्या पिठाची उकड काढली आणि गार होण्याआधी ती इतका वेळ मळली की तिच्या कपाळावरचा घाम काठवटीत टिपकत होता. ताणून बघायची ती गोळी तुटली. पुन्हा मळली, पुन्हा तुटली. शेवटी “जेवढी धरंल तेवढी धरंल” असे म्हणून तिने ती फडक्यात बांधून दिली, आणि पाण्याचा लहान तांब्याही दिला. त्या दिवसांत तो तांब्या देणे म्हणजे काय होते ते सांगायला नको.

दादांनी त्या रात्री लाल धुम्यावर कीर्तनाला साथ केली. मी टाळकऱ्यांच्या मागे बसलो होतो. अर्ध्या तासात उकड सुकली, चिरा पडल्या, एकेक ढलपी सुटून त्यांच्या मांडीवर पडू लागली. ते डाव्या हाताने पाणी लावत, दाबत आणि पुन्हा ठेका धरत. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्या आठ मात्रांत डाव्या हाताला जी उसंत मिळते तेवढ्यातच हे सगळे चालले होते, आणि लय कुठेही हलली नाही. मोठ्या मैफिलींतून, ज्यांना श्रोते जाणकार म्हणतात अशा वादकांकडून, मी पुढे चौतालाचे आणि धमाराचे अवघड परण ऐकले आणि ते ऐकून हरखूनही गेलो. पण डाव्या हाताची तशी साधना मी पुन्हा पाहिली नाही. कीर्तन संपल्यावर गावाचे वृद्ध विणेकरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन दादांपाशी आले. धुम्यावर त्यांनी हात ठेवला, बोटांना लागलेले लाल पीठ बघितले आणि म्हणाले, “बाबा, आज धुमा भाकर खाऊन आला व्हय.” दुसऱ्या दिवशी धोतराच्या सोग्यात बांधून त्यांनी ओंजळभर गहू आणले. ते कुणाच्या तोंडचे होते, हे दादांनी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्या ओंजळीवर सप्ताहाचे उरलेले दिवस निघाले.

पुढे पाऊस झाला, डबा पुन्हा भरला आणि या गोष्टीचा घरात कुणी उच्चार केला नाही.

1991 साली एका गावी दादांचा सत्कार झाला. पखवाजासाठी पद्मश्री मिळवलेले शंकरबापू आपेगावकर आमच्या अंबाजोगाईच्याच परिसरातले, त्यामुळे मृदंगाला, म्हणजे पखवाजाला, मान द्यायची रीत आमच्या भागात आहे, आणि त्या दिवशीही माणसे मनापासून जमली होती. शाल झाली, श्रीफळ झाले, आणि मुलगा म्हणून मला बोलायला सांगितले. मी वीस मिनिटे बोललो. दादांचा रियाज, पहाटे काकड्याला ते चालत गेलेली गावे, त्यांनी हाताने वह्यांत उतरून घेतलेले बोल, सगळे सांगितले. 1973 चा तो सप्ताहही सांगितला. लाल उकडीवर साथ केल्याचे सांगितल्यावर टाळ्या पडल्या. ती उकड कुणी काढली हे मी सांगितले नाही. मुद्दाम लपवले असे नाही, ते माझ्या मनातच आले नाही, आणि हेच मला जास्त लागते. माय मागच्या बाजूला बायकांत बसली होती. परत येताना एसटीत ती म्हणाली, “चांगलं बोललास रं.” तिच्या डाव्या हातात सत्काराचा नारळ होता आणि वळलेला अंगठा त्याच्या शेंडीपाशी होता.

जनाबाई आमच्याच मराठवाड्यातल्या गंगाखेडच्या. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, आणि या अभंगांवर साथ करताना माझे डोळे अनेकदा भरून आले आहेत. दादा जात्यावर कधी बसले नाहीत, मीही बसलो नाही. मृदंगाचे बोट जपायचे असते, असे आमच्या घरात सगळ्यांनी धरून चालले होते, आणि तसे धरून चालण्यात मायही होती. दळणाऱ्या बाईचा अभंग वाजवताना भरून यायचे आणि घरातल्या जात्याकडे लक्ष जायचे नाही, या दोन गोष्टी माझ्यात इतकी वर्षे शेजारी शेजारी नांदल्या.

शेवटच्या दोन वर्षांत दादांच्या हाताला कंप सुटला. वाजवणे थांबले होते, पण सायंकाळी हरिपाठाच्या वेळी ते पखवाज मांडीपुढे घ्यायचे. उंडा त्यांना नीट दाबता येईना. एकदा मी गावी गेलो असता पाहिले, तर माय त्यांच्यासमोर बसून स्वतः कणीक दाबत होती. आयुष्यभर जिची कणीक धुम्याला लागली तिचा हात धुम्याला लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती उजव्या अंगठ्याने मधून कडेला दाबत गेली आणि डावा, वळलेला अंगठा नुसता टेकवत गेली, त्यामुळे उंड्याच्या एका बाजूला तिरका खळगा उमटला. दादांनी हलक्या हाताने थाप मारली. दोघांनी एकमेकांकडे बघितले. माय म्हणाली, “जमलं.” दादा 1999 साली गेले.

मग माय माझ्याकडे लातूरला आली. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले हे सगळ्या देशाने वाचले. आम्ही त्या गल्ल्यांत राहत होतो. टँकर आला की माय, पंच्याहत्तरीत, घागर घेऊन माझ्याआधी दारात असायची. घरातल्या प्रत्येक भांड्यातले पाणी कशाचे हे तिने ठरवून दिले होते. हंड्यातले पिण्याचे, बादलीतले आधी अंघोळीचे आणि मग फरशीचे. ओट्याच्या कोपऱ्यात एक तांब्या झाकलेला असे, तो कुणी उचलायचा नाही. माझ्या पत्नीने एकदा विचारले, “आत्या, हे कशाचं?” माय म्हणाली, “धुम्याचं.” माझा शिकवणीचा वर्ग त्या उन्हाळ्यात एक दिवसही बंद राहिला नाही.

आता काही जण धुम्यालाही कायमची शाई बसवून घेतात. सोयीचे आहे, प्रवासात तर फारच, आणि तरुण वादकांना मी त्यासाठी नावे ठेवत नाही. पण त्या धुम्याला एकच एक आवाज असतो, आणि वैशाखातल्या कोरड्या रात्रीचा व श्रावणातल्या ओल्या रात्रीचा फरक त्यात हाताने भरून काढता येत नाही. माझ्या वर्गात मी अजून कणीकच लावायला सांगतो. मुले, आणि आता मुलीही, घरून स्टीलच्या डबीत ती घेऊन येतात. डबी उघडली की मला त्यांचे घर थोडे दिसते. कुणाच्या कणकेत पोळीचे मीठ-तेल तसेच असते, म्हणजे सकाळच्या घाईत आईने परातीतलाच गोळा तोडून दिला आहे. कुणाची फ्रीजमधली, कालची, काळपट पडलेली असते. एका मुलीची कणीक नेहमी बेताची सैल, ताणली तर दोऱ्यासारखी. मी विचारले तर म्हणाली, आजी मळते, टीव्हीवरची मालिका बघत बघत. मी तिला सांगितले की पुढच्या रविवारी आजीला वर्गात घेऊन ये, ती कशी मळते ते सगळ्यांना बघू दे. आजी आल्या. पदर सावरत, संकोचत बसल्या आणि मग परात पुढे ओढून अर्धा तास मळत राहिल्या. एकोणीस मुलांनी त्या दिवशी कणकेत हात घातले.

माय गेल्या वर्षी, माघात, गेली. दहाव्याला आम्ही गावी मांजरा नदीच्या काठी गेलो. आमच्याकडे पिंड कणकेचे करतात. परात माझ्यापुढे ठेवली गेली आणि मी मळायला लागलो. तळव्याची टाच लावून, बराच वेळ, कुणी थांबवीपर्यंत. मग सवयीने एक बारीक गोळी तोडून बोटांत ताणून पाहिली. ती दोऱ्यासारखी झाली. शेजारी बसलेल्या मामांनी परातीत बोट घालून बघितले आणि हळूच म्हणाले, “लई सैल झाली रे लेकरा, ह्याचा पिंड नाही उभा ऱ्हायचा.” त्यांनी पिशवीतले मूठभर कोरडे पीठ काढून परातीत टाकले आणि मी पुन्हा मळायला घेतले.